तुलना कोणाशी? : प्रौढांतील अवधान-न्यूनतेच्या संशोधनेतिहासातील एक प्रश्न

नैदानिक संशोधनात रुग्णगटाचे वर्णन ज्या कसोशीने केले जाते, त्या कसोशीने त्याच्यासमोर ठेवलेल्या तुलना-गटाचे केले जातेच असे नाही. अवधान-न्यूनता व अतिचांचल्य या विकाराचा, म्हणजेच ए.डी.एच.डी.चा, प्रौढांपुरता इतिहास पाहिला असता या उपेक्षेचे मोल ध्यानी येते.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या १९६८ च्या वर्गीकरणात हा विकार ‘बालवयातील’ म्हणूनच नोंदला गेला. १९७६ साली वुड, वेंडर व त्यांचे सहकारी यांनी ११ प्रौढांवर मेथिलफेनिडेटची चाचणी घेतली खरी. परंतु तीत तुलना होती ती औषध आणि निरौषध गोळी यांची. विकारयुक्त आणि विकाररहित प्रौढांना समोरासमोर ठेवणारे गाजलेले संशोधन झामेट्किन प्रभृतींचे, १९९० चे. २५ विकारयुक्त प्रौढांच्या मेंदूतील ग्लुकोजचा विनियोग ५० निरोगी प्रौढांच्या मानाने ८.१ टक्के कमी आढळला. तथापि हे २५ जण स्वतः अतिचंचल मुलांचे जन्मदाते होते. अशा विशिष्ट निवडीवरून सर्वसामान्य सिद्धांत काढणे धाडसाचे होय. १९९३ साली कुमारवयीनांच्या अभ्यासात एकंदर विनियोगात तसा फरक दिसला नाही.

दुसरी अडचण बर्कसन यांनी १९४६ मध्येच दाखविली होती. रुग्णालयात येणाऱ्यांत दोन व्याधी एकत्र दिसतात, याचे कारण पुष्कळदा त्यांचे रुग्णालयात येणे हेच असते. चिकित्सालयात आलेला प्रौढ विषण्णता वा चिंताही बरोबर आणतो. मग निरोगी माणसाहून त्याचे वेगळेपण नेमके कशाचे? बार्क्ले, मर्फी व फिशर यांनी २००८ च्या ग्रंथात तिसरा गट घेतला तो यासाठीच : त्याच चिकित्सालयात आलेले, पण हा विकार नसलेले प्रौढ.

पुढे २०१५ साली ड्यूनेडिनच्या अभ्यासाने खळबळ उडविली. १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ जणांच्या या समूहात, ३८ व्या वर्षी विकारयुक्त ठरलेल्यांपैकी सुमारे ९० टक्क्यांना बालपणी तो नव्हता. हा प्रौढवयात उद्भवणारा निराळाच विकार आहे काय? २०१८ साली सिब्ली प्रभृतींनी एका जुन्या बालचिकित्सा-चाचणीतील २३९ जणांचा तुलना-गटच तपासावयास घेतला. प्रश्नावलीवरून प्रथमदर्शनी ‘उशिरा विकार जडलेले’ वाटणाऱ्यांपैकी सुमारे ९५ टक्के सखोल तपासणीनंतर वगळावे लागले. कोणाच्या लक्षणांचे मूळ अन्य मनोविकारात होते, तर कोणाचे मादक द्रव्यांत.

यावरून प्रौढांतील हा विकार काल्पनिक आहे असे अनुमान काढणे सर्वथा चूक ठरेल. परंतु चुकीच्या गटात गणला गेलेला प्रत्येक माणूस एकतर नको ते औषध घेतो किंवा हव्या त्या उपचारास मुकतो. म्हणून कोणताही शोधनिबंध वाचताना अभ्यासकाने प्रथम विचारावयाचे ते हेच : ही तुलना कोणाशी, आणि ते तेथे आले कसे?