साडेसातीची मुदत



आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, देवस्थाने पुष्कळ. बहुतेक ठिकाणी माणूस काही मागायला जातो. नेवासे तालुक्यातील शिंगणापूरला मात्र तो ‘दे’ म्हणण्यापेक्षा ‘सोड’ म्हणायलाच अधिक जातो. शनी हा देव खरा. पण आपण त्याला धड भल्यांत धरीत नाही, की दुष्टांत. त्याची दृष्टी पडली की राजाचा रंक होतो, अशी आपली समजूत. एवढी अफाट सत्ता एका देवाच्या हाती देताना आपल्या पूर्वजांनी तिला काही कुंपण घातले होते काय, एवढाच प्रश्न मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

शिंगणापूरची आख्यायिका अशी : पानसनाल्याला पूर आला, त्यात एक काळी शिळा वाहत येऊन अडकली. गुराख्यांनी तिला काठी टोचली, तो रक्त आले! पुढे स्वप्नात दृष्टान्त झाला आणि शिळेची स्थापना झाली. सुमारे पावणेसहा फूट उंचीची ती शिळा आजही उघड्या चौथऱ्यावर उभी आहे; डोक्यावर छप्पर नाही. गावातील घरांनाही दारे नाहीत, चौकटी तेवढ्या आहेत. चोरी करील त्याला शनी पाहून घेईल, ही श्रद्धा. 2011 साली युको बँकेने येथे शाखा उघडली, तीही कुलपाविना.

या श्रद्धेची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. एका गावाने पिढ्यानपिढ्या दार न लावता झोपावे, ही लहान गोष्ट नव्हे. तथापि 2010 साली चोरीची तक्रार झाली, आणि 2015 साली गावात पोलीस ठाणेही आले. भय हे भिणाऱ्यालाच आवरते. जो भीतच नाही, त्याच्यासाठी कायदा लागतो.

आता शनिमाहात्म्याच्या पोथीकडे वळू. उज्जयिनीचा विक्रमराजा भरसभेत शनीची हेटाळणी करतो आणि साडेसातीत सापडतो. परमुलखात एका सावकाराच्या घरी भिंतीवरच्या चित्रातला हंस मोत्यांचा हार गिळतो, आणि आळ येतो राजावर. तेथला राजा त्याचे हातपाय तोडतो. मग एक तेली त्याला आपल्या घाण्यावर बसवतो. न केलेल्या चोरीची ही शिक्षा! गोदामातून माल गेला की पहिला संशय हमालावर घेतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला ही कथा पुराणातली वाटणार नाही.

पण या कथेत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, शिक्षेला मुदत आहे. शनीला सूर्याभोवती फिरायला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. म्हणजे एका राशीला अदमासे अडीच, आणि तीन राशींची साडेसात. एवढा बलाढ्य देव, पण मुदत संपली की त्यालाही उठावेच लागते. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. शनी प्रसन्न होतो, तेव्हा विक्रम सूड मागत नाही. मला दिलीस तशी पीडा दुसऱ्या कोणाला देऊ नकोस, एवढेच तो मागतो. घाण्यावर बसलेला राजाच हे मागू शकतो.

असा दंडधारी केवळ आपणच कल्पिला असे नाही. अमेरिकेत 1940 साली जेरी सीगल या लेखकाने बर्नार्ड बेली या चित्रकाराबरोबर ‘स्पेक्टर’ नावाचा चित्रकथानायक निर्माण केला. गुंडांनी पिंपात सिमेंट ओतून बुडवलेला एक पोलीस. त्याला वरून आज्ञा होते आणि तो भूत होऊन, जवळजवळ ईश्वराएवढे बळ घेऊन, पापी लोकांना शासन करीत फिरतो. पुढच्या लेखकांनी त्याला साक्षात ईश्वराचा कोप ठरविले. परंतु त्यांनाही लवकरच अडचण जाणवली. हा कोप मानवी देहाशी व मानवी विवेकाशी बांधलेला नसेल, तर तो भलत्यांवरच कोसळतो. 2005 सालच्या कथांत नेमके तेच घडलेले दाखविले आहे.

या सीगलची स्वतःची कहाणी ऐका. 1932 साली वडिलांच्या दुकानावर दरोडा पडला आणि त्यातच वडील वारले. याच सीगलने जो शूस्टर या मित्राबरोबर सुपरमॅन निर्मिला. 1938 साली दोघांनी त्याचे सारे हक्क 130 डॉलरना विकले. कंपनीने त्यावर अमाप पैसा मिळविला. हे दोघे मात्र कोर्टकचेऱ्या करून थकले. आकाशातून कोणी दंडधारी आला नाही. 1975 साली व्यवसायबंधू चित्रकार पाठीशी उभे राहिले, वर्तमानपत्रांतून बोभाटा झाला, तेव्हा कुठे दोघांना वार्षिक तनखा मिळाला आणि त्यांची नावे पुन्हा छापली जाऊ लागली.

शिंगणापुरातही असेच घडले. चौथऱ्यावर स्त्रियांनी चढू नये, हा निर्बंध देवाच्या नावाने चालत होता. तो हटविण्यासाठी वर्षानुवर्षे चळवळ झाली. अखेर विद्या बाळ आदींच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2016 रोजी सरकारला बजावले, की 1956 सालचा मंदिरप्रवेशाचा कायदा अंमलात आणा. 8 एप्रिलला, पाडव्याच्या दिवशी, चौथरा खुला झाला. निर्बंध देवाच्या नावाचा होता, पण राखणारी माणसेच होती. म्हणून तो माणसांच्या कायद्याने हलला.

पुढे जून 2025 मध्ये देवस्थानाने 167 कर्मचारी कमी केले. त्यांत 114 मुसलमान होते. कारण गैरहजेरीचे व बेशिस्तीचे देण्यात आले. कारण खरे की खोटे, हे सांगायला शनी चौथऱ्यावरून खाली उतरत नाही. त्यासाठी आरोपपत्र लागते, चौकशी लागते, कामगाराला आपली बाजू मांडू द्यावी लागते आणि वर अपील लागते.

अन्याय सोसलेल्या माणसाला वाटते, एक कोणीतरी सर्वशक्तिमान यावा आणि क्षणात निवाडा करावा. ही इच्छा मला परकी नाही. परंतु ज्याला कोणी जाब विचारू शकत नाही, असा न्यायाधीश देव असो, मालक असो वा पुढारी असो, हंसाने गिळलेल्या हारासाठी तो एक दिवस आपलेच हात तोडतो. आपल्या पूर्वजांनी शनीला साडेसात वर्षांची मुदत घातली. आपण निवडून दिलेल्या आणि आपल्यावर नेमलेल्या सत्तांना मुदत, सुनावणी आणि अपील या तीन गोष्टी घालणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.