माढ्याचा मग मिळतो का?

माझ्या भाच्याला शहरांच्या नावाचे कॉफीचे मग जमवायचा नाद आहे. स्टारबक्स या अमेरिकन कंपनीनं ऑक्टोबर 2012 मध्ये मुंबईत हॉर्निमन सर्कलला भारतातलं पहिलं दुकान उघडलं. शहराचं नाव आणि तिथली ओळखीची ठिकाणं छापलेले मग ही कंपनी जगभर विकते. एखादी छपाई बंद झाली की तो मग दुर्मिळ होतो आणि हौशी लोक त्याला वाट्टेल ती किंमत मोजतात. दिवाळीत भाचा मुंबईचा मग घेऊन आला. आपल्याकडं मग म्हटलं की मोरीतला. आईनं तो फिरवून फिरवून बघितला आणि विचारलं, "आरं, आपल्या माढ्याचा न्हाई व्हय मिळत?"

सगळे हसले. पण प्रश्न डोक्यातून जाईना. कारण एकेकाळी इंग्लंडमध्ये माढ्याएवढ्या, त्याहून लहान गावांच्याही नावाचं भांडं मिळायचं.

स्टोक-ऑन-ट्रेंट हे तिथलं चिनी मातीच्या भांड्यांचं गाव. विल्यम हेन्री गॉस यांचा तिथं कारखाना होता. 1880 नंतर त्यांच्या मुलानं, अॅडॉल्फसनं, एक युक्ती काढली. छोटे पेले, सुरया, कप करायचे आणि त्यावर एकेका गावाची मुद्रा रंगवायची. प्रत्येक गावात एकच दुकानदार नेमायचा आणि त्यानं आपल्याच गावची मुद्रा विकायची. म्हणजे भांडं हवं असेल तर त्या गावाला जायला पाहिजे. रेल्वेमुळं साधी माणसंही सुट्टीला बाहेर पडू लागली होती. येताना हातात काहीतरी स्वस्त, गावाचं नाव असलेलं हवं होतं. धंदा तुफान चालला.

रेल्वे आपल्याकडंही होती की! त्याच काळात, 1897 मध्ये, कुर्डुवाडी ते बार्शी ही छोटी गाडी सुरू झाली. बार्शी लाइट रेल्वे. रुळांतलं अंतर फक्त अडीच फूट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता तिचा कर्ता. 1906 ला ती पंढरपूरला, 1911 ला लातूरला आणि 1927 ला मिरजेला पोचली. या गाडीचं जगभरच्या रेल्वेवाल्यांना कौतुक होतं. इतकं की 1904 मध्ये इंग्लंडात स्टॅफर्डशायर जिल्ह्यात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अडीच फुटीच रेल्वे सुरू झाली, तिचाही अभियंता कॅलथ्रॉपच. आपल्या कुर्डुवाडीवर केलेला प्रयोग त्यानं स्वतःच्या देशात नेला. गंमत म्हणजे गॉसचं स्टोकही त्याच स्टॅफर्डशायरमध्ये. भांडी तिथली, रेल्वेची अक्कल आपल्याकडून गेलेली. पण कुर्डुवाडीचं नाव असलेला कप काही कुणी काढला नाही.

याचा अर्थ आपल्याकडं आठवणीची भांडी नव्हती असं नाही. काशीला गेलेला माणूस गंगाजळाचा तोंड बंद केलेला तांब्याचा गडू आणायचा. तो देवघरात राहायचा आणि शेवटच्या घोटाला फुटायचा. लग्नात आलेल्या पेल्या-तांब्यांवर नावं घालायची रीत अजून आहे. माझ्या आईच्या पितळी पेल्यावर नवरा-नवरीचं नाव आहे, तारीख आहे, "सप्रेम भेट" आहे, देणाऱ्या मामाचं नाव आहे. आपण भांड्यावर माणूस कोरला, देव जपला. गाव मात्र कोरलं नाही. गाव कुठं जाणार आहे, ते तर इथंच आहे, असं वाटलं असणार.

पण गाव जातं. ती छोटी गाडीच बघा. 2000 नंतर दहा-बारा वर्षांत टप्प्याटप्प्यानं सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला. झाला ते चांगलंच झालं. एप्रिल 2016 मध्ये लातूर तहानलं तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी कुर्डुवाडीवरनंच गेली. अडीच फुटी रुळांवर ती धावली नसती. मुद्दा तो नाही. मॅनिफोल्ड रेल्वे तर तीसच वर्षं चालली, 1934 ला बंद पडली. तिथल्या लोकांनी रूळ काढले आणि त्या वाटेवर लोकांना चालायला रस्ता केला. तो आजही आहे. आपली गाडी शंभर वर्षं चालली. पंचवीस वर्षांच्या आतल्या पोराला विचारा, ती कशी दिसायची ते त्याला सांगता येणार नाही.

समजा उद्या माढ्याचा मग काढायचा ठरला, तर त्यावर काय घ्यायचं? माढेश्वरीचं मंदिर आणि रावरंभा निंबाळकरांच्या नावाशी जोडलेला किल्ला, यावर वाद होणार नाही. उजनी धरण? ते आपल्याच तालुक्यात आहे, त्याच्यावर आपला ऊस उभा आहे. पण त्याच पाण्याखाली करमाळा-इंदापूरकडची गावं गेली. पाणी उतरलं की पळसदेवच्या जुन्या देवळाचं शिखर आजही वर येतं. मग चित्र भिंतीचं काढायचं की शिखराचं? हे ठरवणार कोण? नगरपंचायत, पुढारी, की पैसे देणारा?

म्हणून एक गोष्ट सांगतो. 1896 मध्ये रशियाचा झार दुसरा निकोलस याच्या राज्याभिषेकाला मॉस्कोजवळ खोडिंका मैदानावर लोकांना फुकट मग वाटायचे होते. त्यावर राजाची मुद्रा, राज्याभिषेकाचं साल. मगात सोन्याचं नाणं आहे अशी अफवा पसरली, चेंगराचेंगरी झाली आणि सरकारी आकड्यानुसारच 1,389 माणसं मेली. राजाच्या वैभवासाठी काढलेला तो मग आज "दुःखाचा पेला" म्हणून ओळखला जातो. काढणाऱ्यानं काहीही छापू दे, भांडं कशाची आठवण देणार हे शेवटी लोक ठरवतात.

तर मंडळी, मग निघेल तेव्हा निघेल. त्याआधी घरात शोधा. बार्शी लाइटचं पुठ्ठ्याचं तिकीट, रेल्वेतल्या नोकरीतला कंदील, गाडीसमोर काढलेला फोटो, गाव आणि साल कोरलेला पेला. भंगारात घालू नका. फोटो काढून पाठवा, कुणाचं आणि कधीचं ते लिहा. आईला मी विचारलं, मगावर तू काय काढशील? ती म्हणाली, "बार्शीची गाडी. त्याच गाडीनं आले की मी." तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आज विचारा. उत्तर इथं लिहा.