कुंकळ्ळीच्या छत्र्या

गोव्यातील धार्मिक सलोख्याचे गोडवे आपण नेहमी गातो. पण हा सलोखा आयता मिळालेला नाही, हे कुंकळ्ळीचा इतिहास वाचला की कळते.

१५६७ च्या सुमारास पोर्तुगीजांनी साष्टीतील देवळे पाडली. कुंकळ्ळीचे गावकार नमले नाहीत. २५ जुलै १५८३ रोजी चर्चसाठी जागा पाहायला आलेल्या पाच जेजुइटांना त्यांनी ठार केले. त्यांचा प्रमुख होता रुदोल्फ आक्वाविवा. योगायोग पाहा, हाच पाद्री १५८० पासून तीन वर्षे फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारी होता. तेथे मौलवी आणि पाद्री समोरासमोर बसून वाद घालीत आणि रात्री आपापल्या बिछान्यावर सुखाने झोपत. साष्टीत मात्र धर्मामागे सत्तेची तलवार उभी होती. फरक धर्मात नव्हता, तलवारीत होता.

पुढे बोलणी करण्याच्या निमित्ताने सोळा गावप्रमुखांना असोळणेच्या किल्ल्यात बोलावून त्यांची कत्तल केली गेली. एकटाच नदीत उडी टाकून निसटला, असे सांगतात. देवी शांतादुर्गा फातर्प्याला गेली. गावातील अनेक घराणी कालांतराने ख्रिस्ती झाली.

मग नाते तुटले का? नाही! आजही शिगम्यात देवीची मिरवणूक फातर्प्याहून कुंकळ्ळीला, तिच्या मूळ स्थानी येते. बारा वांगडांच्या बारा छत्र्या सोबत असतात. या वांगडांत ख्रिस्ती गावकारही आहेत, आणि ते हा मान विसरलेले नाहीत. धर्म बदलला, पण वांगड बदलला नाही.

रोमने १८९३ साली त्या पाच पाद्र्यांना 'धन्य' घोषित केले. गावकारांचे स्मारकही कुंकळ्ळीत उभे आहे. एकाचे हुतात्मे दुसऱ्याचे मारेकरी, अशी ही अवघड गोष्ट. तरी गावाने दोन्ही स्मृती ठेवल्या आहेत.

आपल्या देशाचेही असेच आहे. एकोपा राखायचा म्हणजे जुन्या जखमा झाकून ठेवायच्या, असे काहींना वाटते. त्या रोज उकरून काढाव्यात, असे दुसऱ्या काहींना वाटते. कुंकळ्ळीकरांनी तिसरी वाट दाखवली: इतिहास खरा सांगायचा, पण चारशे वर्षांपूर्वीचा हिशेब आजच्या शेजाऱ्याकडे मागायचा नाही. भारतीय म्हणून एकत्र राहायचे तर याहून सोपी वाट मला तरी दिसत नाही. तुम्हाला काय वाटते?