शिरस्त्राण : सोय आणि सुरक्षितता

शिरस्त्राण हा शब्द उच्चारला कीं डोळ्यांपुढें चिलखत घातलेला योद्धा उभा राहतो. परंतु आजच्या काळीं तें धारण करण्याचा प्रसंग योद्ध्यापेक्षां कचेरींत जाणाऱ्या कारकुनावर, भाजी आणावयास निघालेल्या गृहिणीवर आणि महाविद्यालयांतील विद्यार्थ्यावर अधिक येतो. या सर्वांची तक्रार बहुधा एकच असते : वस्तु चांगली खरी, पण गैरसोयीची. डोकें उकडतें, मान अवघडते, चष्मा नीट बसत नाहीं आणि गाडीवरून उतरल्यावर तें ठेवावें कोठें हा प्रश्न पडतो. या तक्रारी हंसण्यावारी नेणारे लोक पुष्कळ आहेत. त्यांचीच ढाल करून उघड्या डोक्यानें हिंडणारेही पुष्कळ आहेत. २०१९ च्या जानेवारींत पुण्यांत हेल्मेटसक्तीविरुद्ध आंदोलन झालें, तेंही अद्याप पुष्कळांच्या स्मरणांत असेल. उभय पक्षांनीं या वस्तूचा इतिहास थोडासा पाहिला, तर वादाची धार बरीच बोथट होईल असें आम्हांस वाटतें.

मोटारसायकलस्वाराच्या शिरस्त्राणाचा जन्मच मुळीं एका विक्षिप्त वाटणाऱ्या वस्तूच्या रूपानें झाला. इंग्लंडांत ब्रुकलँड्स येथें शर्यतीचें मैदान होतें. तेथील वैद्यकीय अधिकारी डॉ. एरिक गार्डनर यांस १९१४ च्या सुमारास असें आढळून आलें कीं, डोक्यास मार लागलेले स्वार आपल्याकडे वारंवार येतात. त्यांनीं लंडनच्या बेथनल ग्रीन भागांतील मॉस नांवाच्या कारागिराकडून जाड कॅनव्हास आणि लाख यांची एक टणक टोपी करवून घेतली. जोराचा तडाखा सोसण्याइतकी ती मजबूत होती व वाटेंतील वस्तूवरून निसटून जाण्याइतकी गुळगुळीत होती. शर्यतींचें नियमन करणाऱ्या ऑटो-सायकल युनियननें प्रथम ती नापसंत केली. मागाहून मतपालट होऊन त्याच वर्षींच्या आइल ऑफ मॅन बेटावरील टी. टी. शर्यतींत ती सक्तीची झाली. पुढें त्या बेटावरील वैद्यकीय अधिकाऱ्यानें गार्डनर यांस कळविलें कीं, शर्यतीनंतर डोक्याच्या आघाताचे अभ्यासण्याजोगे रोगी दरवर्षीं मिळत असत, या वर्षीं एकही मिळाला नाहीं!

हा धडा शर्यतीच्या मैदानावरून रस्त्यावर येण्यास मात्र सुमारें सव्वादोन तपें लागलीं. १३ मे १९३५ रोजीं, अरबस्तानांतील बंडामुळें विख्यात झालेले टी. ई. लॉरेन्स हे डॉर्सेट परगण्यांत आपल्या ब्रफ सुपीरियर मोटारसायकलीवरून जात असतां, समोर आलेल्या दोन सायकलस्वार मुलांस चुकवितांना पडले. डोकें उघडें होतें. सहा दिवसांनीं त्यांचा अंत झाला. उपचारासाठीं आलेल्या तज्ज्ञांत मेंदूच्या शस्त्रक्रियेंत निष्णात असे ह्यू केर्न्स होते. पुढें महायुद्धाच्या काळांत त्यांनीं या प्रश्नाचा पिच्छा पुरविला. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील १९४१ च्या लेखांत त्यांनीं दाखविलें कीं, युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्यें मोटारसायकलींवरील २,२७९ स्वार व सहप्रवासी मृत्युमुखीं पडले. शिरस्त्राण घातलेले जखमी त्यांच्या पाहण्यांत अवघे सात आले होते, आणि त्यांपैकीं एकाचीही डोक्याची दुखापत प्राणघातक ठरली नव्हती. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत ब्रिटिश लष्करानें निरोप पोंचविणाऱ्या स्वारांना शिरस्त्राण सक्तीचें केलें. त्यानंतर मृत्यूंची संख्या कशी उतरत गेली, हें केर्न्स यांनीं १९४६ सालीं मांडलें. तथापि ब्रिटनच्या सामान्य नागरिकांसाठीं कायदा होण्यास १९७३ साल उजाडावें लागलें.

येथपर्यंत प्रश्न शिरस्त्राण घालावें कीं नाहीं एवढाच होता. तें असावें कसें, याचा विचार शास्त्रज्ञांनीं पुढें नेला. केर्न्स यांचे सहकारी पदार्थविज्ञानवेत्ते हॉलबर्न यांनीं जिलेटिनच्या नमुन्यांवर प्रयोग करून १९४३ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, डोकें आघातानें एकाएकीं फिरतें तेव्हां मेंदूस होणारी इजा विशेष घातक असते. अमेरिकेंत लोंबार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५३ सालीं पेटंट मिळविलेल्या शिरस्त्राणाचें मर्म बाहेरील कवचांत नसून आंतील अस्तरांत होतें. हें अस्तर आघातासरशीं चिरडतें, म्हणजे स्वतः मोडून डोक्यास थांबावयास क्षणाचा अधिक अवधि देतें. एकदां चिरडलेलें अस्तर पुन्हां कामाचें नसतें, म्हणून अपघातांतून गेलेलें शिरस्त्राण वरून कितीही धड दिसलें तरी टाकून द्यावें लागतें.

पुढें हनुवटीसह सर्व चेहरा झांकणारें शिरस्त्राण आलें. संरक्षण वाढलें, पण त्याबरोबर तक्रारीही वाढल्या. बोलतां येईना, पाणी पितां येईना, चष्मेवाल्यांची तर त्रेधा उडाली. यावर १९८१ सालीं बी. एम. डब्ल्यू. कंपनीनें हनुवटीकडील भाग वर उचलतां येईल असें शिरस्त्राण काढलें. अलीकडे ऑस्ट्रेलियांतील एका कंपनीनें दरवाज्याप्रमाणें मागून उघडणारें शिरस्त्राणही काढलें आहे.

असल्या नव्या घडणींकडे पाहून नाक मुरडणें सोपें आहे. पण सोयीचेही दोन प्रकार असतात. एक सोय माणसाकडून शिरस्त्राण घालवून घेते; दुसरी तें घालूनही न घातल्यासारखें करते. उचलतां येणारी हनुवटी पहिल्या प्रकारची सोय खरी, आणि अपघातानंतर मदतीस आलेल्या माणसाला जखमीच्या तोंडापर्यंत पोंचणेंही तीमुळें सुलभ होतें. परंतु धांवत्या गाडीवर ती उचलूनच ठेवली तर तीच दुसऱ्या प्रकारची होते. शिवाय बिजागरी व कडी आघातांत टिकेल काय, हें डोळ्यांस कळत नाहीं. म्हणून युरोपीय नियमांत, हनुवटीचा भाग बंद असतां संरक्षण देतो असें कसोटीस उतरल्यास ‘पी’ आणि उघड्या चेहऱ्याचें म्हणूनही उत्तीर्ण झाल्यास ‘जे’ अशीं अक्षरें येतात; दोन्ही अटी पाळणाऱ्यावर दोन्ही अक्षरें असतात. २०२१ पासून अमलांत आलेल्या २२.०६ या सुधारित नियमांत तिरक्या आघाताचीही परीक्षा आहे. हॉलबर्न यांच्या विचाराला असा पाऊणशें वर्षांनंतर मान मिळाला. आपल्याकडेही १ जून २०२१ पासून दुचाकीच्या शिरस्त्राणांस भारतीय मानकाचें चिन्ह आवश्यक झालें आहे. रस्त्याच्या कडेला मिळणारी वाटीसारखी टोपी हलकी, स्वस्त व सोयीची असते. पण असें प्रमाण तिच्यावर नसेल, तर तिनें पोलिसाचें समाधान होईल, आघाताचें होणार नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं आमचा एक विद्यार्थी घरापासून दोन चौकांवर गाडीवरून पडला. शिरस्त्राण त्याच्यापाशीं होतें, परंतु तें कोपरांत अडकविलेलें होतें. आम्ही भेटावयास गेलों तेव्हां त्याच्या वडिलांनीं तें कपाटांतून काढून दाखविलें. चांगलें, महागाचें, प्रमाणित असें तें होतें. एक ओरखडाही त्यावर नव्हता. “त्याला तें कानापाशीं घट्ट होत होतें, बदलून आणूं म्हणत होता,” एवढेंच ते बोलले. तेव्हांपासून सोयीची तक्रार आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. दुकानांत गेल्यावर आधीं मानकाचें चिन्ह पाहावें. मग तें डोक्यावर चढवून, पट्टा बांधून, पांच-दहा मिनिटें तसेंच वावरावें. आणि कोठें बोंचत असेल तर संकोच न करितां दुसरें मागावें.