रुद्धपथ कामला : एका जुन्या निदानाचा विचार

आगरदांडा हें राजपुरीच्या खाडीवरील बंदर. समोर दिघी, जवळच मुरुड व जंजिरा. कांहीं वर्षांपूर्वीं तेथील आमच्या एका स्नेह्यांस कावीळ झाली. कोंकणांतील रीतीप्रमाणें त्यांच्या गळ्यांत माळ घातली. माळ लांबेल तसा रोग उतरतो असा समज आहे. माळ लांबली, परंतु डोळ्यांची पिवळाई वाढली, अंगास कंड सुटली व शौचास पांढरें होऊं लागलें. हें त्यांनीं आम्हांस सांगितलें असतांही आम्हीं स्वस्थ राहिलों. पुढें हुडहुडी भरून ताप आला, तेव्हां त्यांस मुंबईस नेलें. पित्तनलिकेंत खडे निघाले. ते बरे झाले. पण आमच्या मनास तो विलंब लागून राहिला आहे, कारण हें लक्षण आम्हांस ग्रंथांतून ठाऊक होतें.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील सोळाव्या, पांडुरोगाच्या अध्यायांत कामला दोन प्रकारची सांगितली आहे. पहिलींत पित्त वाढतें व मळमूत्रास रक्तपीत वर्ण येतो. दुसरींत कफानें पित्ताचा मार्ग रोधला जातो, म्हणून मळ तिळाच्या पिठासारखा फिका होतो. हिलाच पुढें शाखाश्रित वा रुद्धपथ कामला असें नांव रूढ झालें. मळास पुनः पित्ताचा रंग येईपर्यंत तीक्ष्ण, कटु व अम्ल द्रव्यें द्यावीं, असेंही तेथें सांगितलें आहे. म्हणजे निदान व उपचाराची मर्यादा या दोहोंची खूण मळाचा रंग हीच होय.

तथापि एवढ्यावरून आजचें सारें ज्ञान प्राचीनांस होतें असें म्हणणें हा इतिहासाचा विपर्यास होईल. गोरोचना, म्हणजे गाईच्या पित्ताशयांतील खडा, औषधांत व पूजेंत वापरीत; पण मनुष्याच्या कामलेचें कारण म्हणून खड्याचा निर्देश या अध्यायांत नाहीं. विमानस्थानांत कृमींचे वीस प्रकार व अपकर्षण, म्हणजे कृमि ओढून काढणें, हा उपाय आहे. परंतु आंतड्यांतील जंत पित्तनलिकेंत शिरून कामला करतो, हें तेथें सांगितलेलें नाहीं.

तें ज्ञान अलीकडचें. सोनोग्राफींत खडा, कधीं लांबट जंतही, दिसतो. मेलेल्या जंताच्या तुकड्याभोंवतीं खडा सांठतो. तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेचें चित्र घेण्याची रीत १९६८ सालीं अमेरिकेंत निघाली; नलिकेचें तोंड छेदून खडे काढण्याची १९७४ सालीं जर्मनी व जपान येथें. जंतही याच वाटेनें ओढून काढतां येतो. ज्या पित्ताशयांतून हे खडे बहुधा उतरतात, तें दुर्बिणीनें काढण्याची शस्त्रक्रिया हिंदुस्थानांत प्रथम डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत १९९० सालीं केली.

चरकाचें श्रेय त्याच्या अवलोकनांत आहे. मार्ग कशानें अडला हें त्यास नेमकें कळलें नाहीं. मार्ग अडला आहे हें मात्र कळलें. आम्हीं तो पाठ विद्यार्थ्यांस समजावून दिला, आणि प्रसंग आला तेव्हां आम्हांसच तो सुचला नाहीं. यास्तव वाचकांस एवढेंच सांगणें कीं, काविळींत शौचास पांढरें होऊं लागल्यास माळ लांबण्याची वाट पाहूं नये. रोग्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें.