दिल्लीच्या आराखड्याची नऊ वर्षे

सरकारी टिप्पणीत ‘तूर्त थांबावे’ हे दोन शब्द लिहावयास जितके सोपे, तितके त्यांचे परिणाम मोजावयास कठीण. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी ते कधी ना कधी लिहिले असतील, आणि त्यात दोष मानण्याचे कारणही नाही. अपुऱ्या माहितीवर निर्णय घेण्यापेक्षा थोडा धीर धरावा, हेच आपणांस नोकरीच्या पहिल्या वर्षापासून शिकविलेले असते. परंतु फाइलीत जे थांबलेले असते ते एखाद्या नगराचा विकास-आराखडा असेल, तर गोष्ट निराळी होते. ज्या दिल्लीत आपण बदलीच्या निमित्ताने येऊन राहिलो, तिच्या आराखड्याची मुदत १९८१ साली सरली आणि नवा आराखडा १९९० साली लागू झाला. मधल्या नऊ वर्षांची हकीकत आज आम्हांस सांगावयाची आहे. पण तिचे मर्म कळावयाचे तर थोडे मागे जावे लागेल.

जुन्या दिल्लीतील दाटी कमी करण्यासाठी १९३७ साली ‘दिल्ली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. त्याचे काम बेताचेच राहिले आणि दहा वर्षांत फाळणीने सगळे हिशेब उधळून लावले. १९४१च्या जनगणनेत दिल्ली प्रांताची वस्ती सुमारे ९ लक्ष होती, ती १९५१ साली १७ लक्षांच्या पुढे गेली. ट्रस्टच्या कारभाराची चौकशी घनश्यामदास बिर्ला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली आणि साऱ्या शहरासाठी एकच नियोजन-यंत्रणा असावी, असे सुचविले. समितीचा अहवाल १९५१चा. त्यावर कृती होण्यास चार वर्षे गेली.

ती चार वर्षे संपली तेव्हाचा प्रसंग विसरण्याजोगा नाही. यमुनेचा प्रवाह वजीराबादच्या पंपगृहापासून दूर सरकला होता आणि नजफगढ नाल्याचे मैलापाणी उलट फिरून पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोहोचले. १९५५च्या डिसेंबरात शहरात काविळीची साथ उसळली. जानेवारी उलटेपर्यंत सुमारे २९ हजार लोकांना ती झाली. अभियंत्यांनी पाण्यात क्लोरीनची मात्रा वाढविली होती, म्हणून विषमज्वर पसरला नाही. काविळीचे विषाणू मात्र त्या मात्रेला पुरून उरले. (हे विषाणू नेहमीच्या काविळीचे नव्हते, हे पुढे १९८०च्या सुमारास, जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून सिद्ध झाले. आज त्या रोगास ‘हेपटायटिस ई’ म्हणतात.) नाला कोठे सोडावा आणि पाणी कोठून उचलावे, हे दोन निर्णय एका नकाशावर कोणी पाहिलेच नव्हते. आराखडा नसणे म्हणजे काय, याचे याहून ढळढळीत उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

यानंतर जे घडले ते सरकारी कारभाराच्या दृष्टीने नवलाचे होते. बेबंद बांधकामास आवर घालण्यासाठी १९५५ सालीच कायदा होऊन एक तात्पुरते प्राधिकरण नेमले गेले होते. त्याच सुमारास आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्या खात्याने नगर-नियोजनाची स्वतंत्र संघटना उभी केली. पूर्ण आराखड्यास कित्येक वर्षे लागणार, हे त्या मंडळींना स्पष्ट दिसत होते. म्हणून त्यांनी १९५६ मध्ये एक ‘अंतरिम सर्वसाधारण आराखडा’ सिद्ध केला. तो सर्वांगपूर्ण आहे असा दावा कोणी केला नाही. मोठे काम होईपर्यंत निदान मोठ्या चुका होऊ नयेत, एवढाच त्याचा हेतू. अंतरिम आराखड्याची ही युक्ती वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिची उणीव भासणार आहे.

१९५७ साली दिल्ली विकास प्राधिकरणाचा कायदा झाला. फोर्ड प्रतिष्ठानने पाठविलेल्या तज्ज्ञांचे प्रमुख होते आल्बर्ट मेयर. मराठी वाचकांस हे नाव अगदीच परके नसावे. मुंबई महापालिकेचे अभियंते एन. व्ही. मोडक यांच्याबरोबर बृहन्मुंबईच्या पहिल्या रूपरेषेवर, १९४७-४८च्या सुमारास, याच गृहस्थांनी काम केले होते. दिल्लीचा मसुदा १९६० साली लोकांपुढे आला, शेकडो हरकती ऐकल्या गेल्या आणि १ सप्टेंबर १९६२ रोजी आराखडा अमलात आला. त्याची दृष्टी १९८१ पर्यंतची होती. त्या वर्षी शहराची वस्ती ४६ लक्ष असेल असा त्याचा अंदाज होता. गाझियाबाद, फरीदाबाद, गुडगाव यांसारखी भोवतालची गावे वाढवून दिल्लीकडे येणारा लोंढा अडवावा, शहराभोवती हिरवा पट्टा राखावा, आणि जमीन सरकारने ताब्यात घेऊन विकसित करून द्यावी, असे त्याचे मुख्य सूत्र. त्यासाठी ३४,०७० एकर जमीन १९५९ सालीच अधिसूचित झाली होती.

जमिनीवरची ही मक्तेदारी हा या आराखड्याचा प्राण होता आणि आमच्या मते त्याचा सर्वांत दुबळा भागही तोच. जमीन विकण्याचा हक्क एकाच हाती असला की त्या हाताने वेळेवर भूखंड दिले पाहिजेत. ते झाले नाही. मग ज्यास घर हवे होते तो शेतकऱ्याकडून वा दलालाकडून साध्या कागदावर शेताचा तुकडा घेऊ लागला. सहाशेंहून अधिक अनधिकृत वसाहती नियमित करण्याचा विचार सरकारला १९७७ मध्येच करावा लागला.

१९८१ साल उजाडले. मुदत सरली, जनगणना झाली, आणि ४६ लक्षांच्या जागी शहराची वस्ती ५७ लक्षांवर गेल्याचे दिसले. नवा आराखडा तयार नव्हता. थांबण्यास कारणे होती आणि ती लटकी नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जनगणनेचे सविस्तर आकडे यावयाचे होते. शिवाय दिल्लीचा प्रश्न दिल्लीत सुटत नाही, सभोवतालच्या राज्यांना बरोबर घेतले पाहिजे, हे आता सर्वांस पटले होते. त्यासाठी राष्ट्रीय राजधानी क्षेत्र नियोजन मंडळाचा कायदा १९८५ मध्ये झाला आणि त्याची प्रादेशिक योजना १९८९ मध्ये अमलात आली. आधी प्रदेश, मग शहर, हा क्रम शास्त्रास धरूनच होता. प्राधिकरणाचा सुधारित मसुदा १९८५ साली लोकांपुढे आला. अंतिम मंजुरी मिळाली ती १ ऑगस्ट १९९० रोजी. त्या आराखड्याचे लक्ष्य होते २००१ साल. म्हणजे लागू होतानाच त्याचे निम्मे आयुष्य सरून गेले होते.

मधल्या काळात दिल्ली काय करीत होती? १९८२च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी तिने मैदाने, उड्डाणपूल आणि सिरी किल्ल्याजवळची क्रीडानगरी उभारली. ती उभारण्यास आलेले मजूर स्पर्धा संपल्यावर परत गेले नाहीत. ते कोठे राहतील हे कोणत्याही नकाशात नव्हते. दक्षिणेकडील शेतजमिनींवर संगम विहार वाढू लागले. पुढे लाखोंची वस्ती झालेल्या या भागाने पाण्याच्या टँकरसाठी रांगा लावण्यात कित्येक वर्षे काढली. साऱ्या दिल्ली प्रदेशाची वस्ती १९८१ साली ६२ लक्ष होती, ती १९९१ साली ९४ लक्ष झाली. हे ३२ लक्ष लोक जेव्हा आपली घरे बांधत होते, तेव्हा त्यांना मार्गदर्शक असा आराखडा होता तो १९६२चा. १९५६ प्रमाणे एखादा अंतरिम आराखडा करून निदान नाल्यांच्या, रस्त्यांच्या आणि शाळांच्या जागा राखाव्यात, हे या वेळी झाले नाही. प्रादेशिक योजनेसाठी थांबणे आम्हांस मान्य आहे. रिकाम्या हाताने थांबणे मान्य नाही.

कोणी म्हणेल, कायद्यानेच मुदत घालून दिली असती तर? दिल्लीच्या कायद्यात फेरबदलाची तरतूद आहे, नियतकालिक पुनर्रचनेची सक्ती नाही. महाराष्ट्राच्या १९६६च्या कायद्यात ती आहे. तरीही मुंबईचा १९६७चा आराखडा बदलण्यास १९९० नंतरची वर्षे उजाडली, आणि तोही तुकड्यातुकड्यांनी मंजूर झाला. तेव्हा या बाबतीत आपल्या प्रांताचा अभिमान मिरविण्यास फारशी जागा नाही.

थांबण्याची किंमत कोणी मोजली, ते पंधरा वर्षांनी दिसले. निवासी भागांत निघालेल्या दुकानांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्ये आदेश दिला आणि मार्चअखेर टाळी ठोकण्यास आरंभ झाला. न्यायालयाचे म्हणणे आराखड्याच्या अक्षरास धरून होते. पण बाजारासाठी राखलेल्या जागा पुरेशा प्रमाणात वेळेवर तयारच झाल्या नव्हत्या. तळमजल्यावर शिवणयंत्र मांडून बसलेला माणूस जाणार कोठे? त्या वर्षीच्या सप्टेंबरात सीलमपूरला निदर्शनांवर गोळीबार होऊन माणसे मेली. मे महिन्यात संसदेने कायदा करून एक वर्षापुरती ‘जैसे थे’ स्थिती राखली होती. २०२१ साल डोळ्यांपुढे ठेवून केलेला तिसरा आराखडा ७ फेब्रुवारी २००७ रोजी निघाला, तोही आधीच्याची मुदत सरल्यावर पाच वर्षांहून अधिक काळाने.

एका वर्षापुरता केलेला तो कायदा मात्र संपला नाही. त्याची मुदत पुनःपुन्हा वाढत गेली. १९७७ मध्ये सहाशेंच्या घरात असलेल्या वसाहतींची यादीही वाढली; रहिवाशांना मालकी हक्क देण्यासाठी २०१९ साली कायदा झाला, तेव्हा त्याच्या कक्षेत १,७३१ वसाहती आल्या. २०४१ सालापर्यंतच्या चौथ्या आराखड्याचा मसुदा जून २०२१ मध्ये लोकांपुढे ठेवण्यात आला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये प्राधिकरणाने तो मंजूर करून केंद्राकडे धाडला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात संसदेने ‘जैसे थे’च्या कायद्याची मुदत आणखी तीन वर्षांनी, ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत, वाढविली.