गोवर-कांजिण्यांच्या घरातील शिस्त

महाराष्ट्रातील घराघरांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत गोवर आणि कांजिण्या हे लहानपणी एकदा होऊन जाणारेच आजार समजले जात, आणि त्यांपैकी एखादा घरात शिरला की काही दिवस साऱ्या घराचा दिनक्रम ठरलेल्या नियमांनी चाले. या नियमांचे मूळ मात्र देवी या कितीतरी अधिक घातक रोगात होते. सातव्या-आठव्या शतकातील ‘माधवनिदान’ या ग्रंथात मसुरीच्या दाण्यासारखे फोड उठवणारी ‘मसूरिका’ आणि रोमरंध्रांपाशी बारीक लाल पुरळ आणणारी ‘रोमान्तिका’ यांची वर्णने असून, पुढील वैद्यांनी रोमान्तिकेचा संबंध गोवराशी जोडला. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाशा’त मसूरिकेसोबत शीतला देवीचाही विचार येतो. लोकव्यवहारात पुरळ उठवणारे हे सारे आजार देवीचे येणे मानले गेल्यामुळे आजारी मूल हे एकाच वेळी रुग्णही होते आणि देवीचे स्थानही.

मुलाला घरातील एका अंधाऱ्या, शांत खोलीत किंवा कोपऱ्यात मऊ अंथरुणावर निजवले जाई, उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवला जाई आणि दारावर त्याच झाडाची डहाळी खोचली जाई, जेणेकरून येणाऱ्याने उंबऱ्यातूनच परत फिरावे. खाज सुटली तर नखांनी न खाजवता कडुनिंबाच्या पानांनी अंग हलकेच पुसायचे असे. स्वयंपाकात फोडणी व तळण बंद ठेवून दहीभात किंवा मऊ भातावर भागवले जाई. खपल्या धरल्या की कडुनिंबाची पाने घातलेल्या पाण्याने मुलाला न्हाऊ घालत, आणि ते न्हाणे झाल्यावरच घर पुन्हा मोकळे होई. या सगळ्याचा भार आई, आजी किंवा काकू यांच्यावर पडे. कांजिण्यांचा अधिशयनकाळ, म्हणजे संसर्ग होऊन लक्षणे दिसेपर्यंतचा अवधी, बहुधा दोन आठवड्यांचा असल्याने एक मूल बरे होते न होते तोच भावंडांच्या अंगावर पुरळ दिसू लागे आणि एकत्र कुटुंबातील त्या बाईची जागरणे महिनाभर चालत. या श्रमांची नोंद सरकारी अहवालांत सहसा सापडत नाही, हे खटकल्याशिवाय राहत नाही.

या नियमांचे मोजमाप आजच्या ज्ञानाने करताना त्यांना सरसकट अंधश्रद्धा म्हणणे अन्यायाचे ठरेल, तसेच त्यांत लपलेले विज्ञान शोधण्याचा अट्टहासही फसवा ठरेल. कांजिण्यांचा रुग्ण सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत इतरांना संसर्ग देऊ शकतो, त्यामुळे न्हाणे होईपर्यंत त्याला वेगळे ठेवण्याचा परिणाम शेजारच्या मुलांच्या हिताचाच होता. गोवराच्या बाबतीत मात्र डहाळी उशिरा लागे. त्याचा विषाणू पुरळ उठण्याच्या सुमारे चार दिवस आधीपासून खोकल्या-शिंकांतून पसरत असतो आणि प्रतिकारशक्ती नसलेल्या दहांपैकी नऊ निकटवर्तीयांना तो गाठतो, म्हणजे खूण लावली जाई तेव्हा भावंडांना बहुधा लागण होऊन चुकलेली असे. खरे नुकसान आहार आणि औषध नाकारण्यातून झाले. गोवराने शरीरातील जीवनसत्त्व अ कमी होऊन डोळ्यांना धोका पोहोचतो, न्यूमोनिया व अतिसार जीव घेतात; अशा वेळी पोटभर अन्न न देणे आणि देवी रागावेल म्हणून डॉक्टरला न दाखवणे कुपोषित मुलांना फार महाग पडले.

प्रतिबंधाचा मार्गही आधी देवीच्याच रोगाने उघडला. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ऍना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला गोस्तनदेवीची, म्हणजे गायीच्या आचळांवर येणाऱ्या सौम्य रोगाची, लस टोचण्यात आली आणि ती भारतात यशस्वी झालेली पहिली लस मानली जाते. पुढे गावोगाव ‘देवी काढणारे’ कर्मचारी फिरू लागले, त्यांना पाहून आया मुलांना लपवत, आणि तरीही १९७५ साली देशातील शेवटचा रुग्ण नोंदला जाऊन १९७७ मध्ये भारत देवीमुक्त घोषित झाला. रोग गेला, पण त्याच्यासाठी घडलेले घरगुती आचार गोवर आणि कांजिण्यांकडे राहिले, त्यामुळे ज्या आईने देवीचा रुग्ण कधी पाहिलाच नव्हता तीही त्याच धाकाने फोडणी बंद ठेवत राहिली.

गोवराची लस १९६३ मध्ये अमेरिकेत वापरात आली, आणि १९८५ साली भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात नऊ महिन्यांच्या बालकांसाठी तिचा समावेश झाला. २०१७ पासून तिची जागा टप्प्याटप्प्याने गोवर-रुबेला ही जोडलस घेऊ लागली. तरीही २०२२ मध्ये मुंबईत, विशेषतः गोवंडीच्या दाट वस्तीत, गोवराचा उद्रेक होऊन बालकांचे बळी गेले, कारण तेथे कित्येक मुलांचे डोस राहून गेले होते आणि एकाच खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला आजारी मूल वेगळे ठेवायला जागाच नव्हती. त्या वस्तीत आरोग्यसेविका दारोदार फिरून राहिलेले डोस आणि जीवनसत्त्व अ मिळवून देत होत्या. कांजिण्यांची लस राष्ट्रीय वेळापत्रकात नसल्याने तो आजार मात्र अजूनही बहुतांश कुटुंबांत घरच्या शुश्रूषेवरच निभावला जातो.